तांबड्याचा दाब कुठे गेला

स्टार्टर फिरला आणि ताईने कान टवकारले.

इंजिन सुरू झालं नाही म्हणून नव्हे. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू होईल अशी तिची अपेक्षाही नव्हती. पण हे इंजिन फार मजेत फिरत होतं. डिझेल इंजिन स्टार्टरवर कण्हत कुंथत फिरतं. पिस्टन वर येताना आतली हवा चेपायची असते, तिथे ते अडतं, दम घेतं आणि मग पुढे सरकतं. हे मात्र दाणे न टाकता सोडलेल्या गिरणीसारखं घरघर घरघर फिरत राहिलं. ना अडणं, ना धाप.

"बॅटरी काय मस्त आहे!" सीटवर बसलेला धाकटा भाऊ खुशीत म्हणाला.

"बंद कर," ताई म्हणाली. "बॅटरीचं कौतुक नको. इंजिनात दाबच नाहीये."

तिने पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. एका हाताने. पाना सहज गोल फिरून आला. मग तिने धाकट्याला खाली बोलावलं आणि पाना त्याच्या हातात दिला. त्यानेही फिरवला. त्याचा चेहरा उतरला.

डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी पडत नाही. पिस्टन हवा इतकी चेपतो की ती भट्टीसारखी तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल उडालं की भडका होतो. हवा चेपलीच गेली नाही, तर डिझेल नुसतं ओलं करून जातं. म्हणजे एवढे दिवस खपून दोघांनी जे उभं केलं होतं, ते सध्या लोखंडाचं एक जड, चकचकीत, रंगवलेलं खोकं होतं.

ट्रॅक्टरचं नाव तांबडा. मूळचा रंग कधीच उडून गेला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दोन सिलिंडरचा, बुटका, अरुंद. वडिलांनी तो शेतात फार चालवला नाही. त्यांनी त्याला मागे पाण्याची टाकी जोडली होती. गावाची वरची आळी टेकडीवर. नळाचं पाणी तिथवर चढत नाही, आणि पाण्याचे मोठे ट्रक शिंपीणबाईच्या घराजवळच्या वळणावर अडकतात. तांबडा तेवढा तिथून अंग चोरून वळायचा. वडील रोज सकाळी टाकी भरून वर न्यायचे. पुढे इंजिन तेल प्यायला लागलं, धुराने आळी काळी व्हायला लागली, आणि त्याच सुमारास वडील आजारी पडले. ते गेल्यावर तांबडा शेडमध्ये ताडपत्रीखाली गेला आणि वरच्या आळीतल्या बायकांच्या हातात पुन्हा कॅन आले.

ताई नोकरीतून मोकळी होऊन घरी आली, तेव्हा एक दिवस पायऱ्यांवर शिंपीणबाई भेटली. दोन्ही हातांत कॅन, गुडघ्यात कळ. तिने विचारलं, "काय गं, तांबडा आता भंगारातच का?"

"भंगारात कशाला? उन्हाळ्याच्या आत वर आणते तुझ्या दारात," ताई बोलून गेली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता मागे फिरता येणार नाही.

तशी ती मागे फिरणाऱ्यांतली नव्हतीच. लहानपणी वडील इंजिन उघडायचे तेव्हा धाकट्याला शेडमध्ये घ्यायचे, आणि हिला सांगायचे, "तू दारात उभी राहून बॅटरी धर." तिने दारात उभं राहून बॅटरी धरली, आणि उजेड जिथे जाईल तिथे नजरही नेली. शाळा संपल्यावर ती थेट बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे आधी तिला फरशी पुसायला लावली, मग नटबोल्ट धुवायला. एक दिवस झडपा घासणारा माणूस आला नाही म्हणून तिच्या हातात काठी आणि पेस्ट दिली, ती तिने नोकरी संपेपर्यंत सोडली नाही. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, त्यातल्या झडपा आणि त्यांच्या बैठका हा तिचा प्रांत झाला. चेष्टेत तिला 'वस्ताद' म्हणायला लागले. पुढे चेष्टा विरली, वस्ताद उरला. घरी हे सांगितलं तेव्हा वडील फक्त "बरं" म्हणाले होते. तांबड्याला मात्र त्यांनी तिला कधी हात लावू दिला नाही.

धाकटा गेला बोटीवर. इंजिनरूममध्ये, जिथे एकेक पिस्टन माणसाच्या उंचीचा असतो. वडील अंथरुणावर होते तेव्हा तो कुठल्याशा समुद्रात होता. "बोट मध्येच वळवता येत नाही गं," असं तो फोनवर म्हणाला. ताईने "हं" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर दोघांचं बोलणं आईचं औषध आणि घराची गळती यापलीकडे गेलं नव्हतं. या वेळी तो लांब सुट्टीवर आला होता. इंजिनाचा खालचा अर्धा भाग उचलायला आणि बसवायला दुसरे हात हवेतच होते, म्हणून ताईने विचारलं. तो लगेच हो म्हणाला. वाटणी न बोलता झाली. वरचा भाग तिचा: हेड, झडपा. खालचा त्याचा: क्रँक म्हणजे मुख्य फिरता दांडा, पिस्टन, आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा. कामात बोलणं व्हायचं ते "पाना दे" आणि "धर" एवढंच.

आणि आता दाब नव्हता. दाब निसटायच्या वाटा मुख्यतः दोन. एक तर झडपांतून, म्हणजे ताईच्या कामातून. नाहीतर रिंगांमधून, म्हणजे धाकट्याच्या.

दोघंही शेडमध्ये उभी होती आणि दोघांनाही हे कळत होतं.

"नव्या रिंगा आहेत," धाकटा म्हणाला. "बसायला वेळ लागतो. ओढून बघू. चालत्या गाडीला गिअर टाकला की धरेल."

ताईला हे पटलं नव्हतं, तरी तिने शेडची दारं उघडली. शेजारच्या दूधवाल्याने आपला मोठा ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली आणि तांबड्याला सडकेवर ओढलं. धाकट्याने क्लच सोडला. इंजिन फिरलं, नळीतून पांढरा धूर निघाला, रस्ताभर कच्च्या डिझेलचा वास पसरला. एकही ठोका पडला नाही. दूधवाल्याने चढापर्यंत ओढला, परत आणला, पुन्हा नेला. शेवटी तो खाली उतरला आणि साखळी सोडता सोडता म्हणाला, "ताई, रंग झकास बसलाय हो. दारात ठेवा, कुंड्या लावा वर."

धाकटा हसला नाही. ताईही हसली नाही. पण त्या एका वाक्याने तिच्या अंगात वारं भरलं. "उद्या मीटर आणते," ती म्हणाली. "अंदाजाने आता एक नट फिरवायचा नाही."

डेपोत जुन्या ओळखी होत्या. दाब मोजायचं मीटर मिळालं. डिझेल उडवणारा इंजेक्टर काढून त्या जागी मीटर बसवलं, धाकट्याने स्टार्टर मारला. काटा उठला आणि अर्ध्या वाटेत बसला. दुसऱ्या सिलिंडरवर लावलं. काटा तिथेच येऊन थांबला.

"दोन्ही सारखेच," ताई स्वतःशीच म्हणाली.

"दोन्हीत सारखाच घोळ," धाकटा म्हणाला. मग जरा थांबून, "झडपांचं काही..."

"माझ्या झडपा पाणी धरतात," ताईचा आवाज चढला. "हेड उलटं ठेवून त्यात डिझेल ओतून ठेवलं होतं मी. थेंब गळला नाही. तू रिंगांची उघडी तोंडं एका रेषेत आणलीस का ते बघ, दाब तिथून सुटतो."

"मी पोरगा आहे का? तोंडं फिरवूनच बसवलीत. माझ्या हाताखाली जहाजं चाललीत, ताई."

"हो ना. वळत नाहीत अशी."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. धाकट्याने हातातलं फडकं बाकावर ठेवलं आणि तो बाहेर गेला. आई अंगणात वाळलेले कपडे घड्या घालत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

सकाळी मात्र तो चहाचा कप घेऊन शेडमध्ये हजर होता, आणि ताईच्या आधी. त्याने पंक्चरवाल्याकडून हवेचा कॉम्प्रेसर ढकलत आणला होता.

"पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, झडपा बंद, आणि आत हवा भरायची," तो म्हणाला. "जिथून हवा सुटेल तिथे कान लावायचा. भांडण मिटेल."

ताईच्याही डोक्यात हेच होतं. तिने मान डोलावली. त्याने हवा सोडली. ती रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं एकेका तोंडाशी नेऊ लागली. हवा आत घेणाऱ्या पाइपशी सामसूम. धुराच्या नळीशी सामसूम. या दोन्ही जागा तिच्या झडपांच्या. मग तिने नळी तेल भरायच्या तोंडाशी नेली. तिथे आवाज आला तर रिंगा दोषी. अगदी बारीक सुस्कारा ऐकू आला, नव्या रिंगांचा असतो तेवढा, त्याहून जास्त नाही. ती तिथे वाकून उभी राहिली. जरा जास्तच वेळ. आपल्याला तिथे आवाज हवा आहे, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने नळी कानावरून काढली.

"तुझ्या रिंगा ठीक आहेत," ती म्हणाली. "चांगल्या बसवल्यास."

"आणि झडपा?"

"त्याही."

दुसरा सिलिंडरही तसाच निघाला. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडासुद्धा नाही, म्हणजे हेडखालचं गॅस्केटही शाबूत. धाकट्याने कॉम्प्रेसर बंद केला आणि खोक्यावर बसला. "म्हणजे हवा कुठूनच जात नाही, तरी दाब नाही. भुताटकी झाली की ही."

ताई उभीच होती. दोन्ही सारखेच, हे कालपासून तिच्या डोक्यात फिरत होतं. दोन सिलिंडर वेगळे, रिंगा वेगळ्या, झडपा वेगळ्या. दोन्ही सिलिंडरांत हुबेहूब सारखी चूक व्हायला ते काय जुळे भाऊ होते? चूक सामाईक जागी असणार. भांड्याला भोक नाही, झाकणही घट्ट आहे. मग राहिलं काय? झाकण लागतंय कधी?

"अरे," ती एकदम म्हणाली, "सायकलच्या पंपाची दांडी तू अर्धी खाली दाबलीस आणि मग मी नळीचं तोंड धरलं, तर हवा चेपेल का?"

"निम्मीच," धाकटा म्हणाला. मग तो उठला.

तिने हेडवरचं झाकण काढलं. झडपांच्या दांड्या उघड्या पडल्या. धाकट्याने पाना घेतला आणि इंजिन हळूहळू फिरवायला लागला, केसभर, पुन्हा केसभर. धूर सोडणारी झडप मिटत येते तेव्हाच हवा घेणारी उघडायला लागते. एक जाते, दुसरी येते, आणि हा क्षण पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतानाच यायला हवा. ताईने इंजेक्टरच्या भोकातून पिस्टनवर एक सळई टेकवून धरली होती. सळई वर आली, थांबली, आणि पुन्हा खाली जायला लागली. झडपांचा खांदेपालट त्यानंतर झाला.

"उशीर," ताई म्हणाली. "सगळ्याच झडपांना उशीर होतोय. पिस्टन हवा चेपायला वर निघतो आणि दार उघडंच. निम्मी हवा आल्या वाटेने परत जाते."

"म्हणजे पुढचा गिअर एक दाता चुकलाय? अशक्य," धाकटा म्हणाला. "खुणा आपण दोघांनी बघितल्या होत्या. ठिपक्यासमोर ठिपका. तू बोट ठेवून दाखवलंस."

"उघडू."

"ताई, रेडिएटर उतरवायचा, पुली काढायची, पुढचं सगळं..."

"उघडू म्हटलं ना."

दुपार त्यातच गेली. पुली निघता निघेना. तिने दोघांच्या नाकी नऊ आणले. पुढचं झाकण सुटलं तेव्हा दोघंही एकदम वाकली. क्रँकच्या गिअरचा ठिपका आणि झडपा चालवणाऱ्या कॅमच्या गिअरचा ठिपका नाकासमोर नाक लावून बसले होते. केसाचाही फरक नाही.

धाकट्याने हात टेकले. तो जमिनीवरच बसला, पाठ चाकाला लावून. "झालं. आता मला काही सुचत नाही. दूधवाला म्हणतो तसं कुंड्या लाव."

ताई मात्र त्या दोन ठिपक्यांकडे एखाद्या लबाड साक्षीदाराकडे बघावं तशी बघत होती. झडपा डोळ्यांसमोर उशिरा उघडत होत्या. ते खोटं असू शकत नव्हतं. मग खोटं काय? तिने फडक्याने कॅमचा गिअर घासून पुसला आणि त्यावरचा ओतीव आकडा वाचला. मग क्रँकच्या गिअरचा वाचला. दोन्हींची जात एक नव्हती. अक्षरांचं वळणच वेगळं.

"हा गिअर या इंजिनाचा नाहीच," ती म्हणाली. "दात बसतात, पण याची खूण दुसऱ्या कुठल्यातरी इंजिनासाठी मारलेली आहे. आपण उघडताना आधीची जागा बघून ठेवली नाही. खूण आहे म्हणून निर्धास्त राहिलो."

"मग बरोबर जागा कुठली? ती आता कोण सांगणार?"

"झडपा सांगतील. खूण गेली खड्ड्यात. ऊठ."

तो उठला. ताईने सळई धरली, त्याने क्रँक फिरवून पिस्टन बरोबर टोकावर आणला आणि तिथे क्रँक रोखून धरला. तिने कॅमचा गिअर ओढून सोडवला, हाताने कॅम फिरवला, दोन्ही झडपा सारख्याच किंचित उघड्या राहतील अशा जागी आणला. "जरा पुढे. नाही, थांब. हां." गिअर परत सरकवला तेव्हा तो आपल्या दात्यांत सरळ बसला, आधीच्या जागेपासून एकच दाता पुढे. दाते जाड होते, त्यामुळे एका दात्याचा फरकही मोठा. धाकट्याने सावकाश दोन फेरे फिरवले, कुठे झडप पिस्टनला टेकत नाही ना हे बघत. मग ताईने इंजेक्टरच्या दोन्ही भोकांना तात्पुरती बुचं आवळून लावली, आणि तिसऱ्या फेऱ्याला पाना अडला. त्याने जोर लावला. आत हवा चेपली गेली आणि पाना त्याच्या हाताला उलटा ढकलू लागला.

"ताई!" तो ओरडला. "ढकलतंय हे मला!"

त्या आवाजाने आई शेडच्या दाराशी आली. तेलकट हात, उघडं पडलेलं इंजिन आणि हसणारी दोन पोरं तिने बघितली. तिची नजर पुढच्या गिअरवर गेली.

"हा दातेरी गिअर होय?" ती म्हणाली. "हा तर खाणीवरच्या बंद इंजिनाचा. आपला तुटला होता तेव्हा ह्यांनी तिथून आणला. आठवडाभर शिव्या घालत होते त्याला. कसाबसा डोळ्यांनीच बसवला."

दोघं एकदम तिच्याकडे वळली.

"आई," धाकटा म्हणाला, "हे आधी नाही का सांगायचं?"

"मला कोणी विचारलं? तुम्ही दोघं तर घरात एकमेकांशीसुद्धा बोलत नव्हता. आज पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला म्हणून बघायला आले."

धाकटा खाली बघून पाना पुसायला लागला. मग म्हणाला, "मी कॅप्टनला विचारलं होतं ताई, तेव्हा. पुढच्या बंदरावर उतरवा म्हणालो. बंदरच आलं नाही वेळेत." त्याने पाना बाकावर ठेवला. "ते तुला कधी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, असं वाटलं."

"मी ते काल बोलायला नको होतं," ताई म्हणाली. आणि मग, कारण उभं राहून रडणं तिला जमत नसे, "झाकण धर. बोल्ट आधी हातानेच लाव."

दुसऱ्या दिवशी मीटरचा काटा पहिल्याच झटक्यात वर गेला आणि वरच राहिला, दोन्ही सिलिंडरवर सारखाच. इंजेक्टर परत बसवले. ताईने धाकट्याला सीटवरून उठवलं आणि स्वतः बसली. स्टार्टर फिरला. इंजिन कण्हलं, अडलं, धापा टाकू लागलं. एक ठोका, मग दोन, मग सगळ्या शेडचे पत्रे थरथरवत तांबडा सुरू झाला. धूर आधी पांढरा, मग विरळ, मग जवळजवळ नाहीच. दूधवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग कुंड्यांचं काय करायचं?"

"तुमच्या ट्रॅक्टरवर लावा," ताई म्हणाली.

इंजिन गरम करून, थंड होऊ देऊन तिने हेडचे नट पुन्हा आवळले; नवं गॅस्केट एकदा तापलं की थोडं दबतं, ते विसरलं तर सगळी मेहनत वाया. मग टाकी जोडली, भरली. चढावर धाकटा टाकीच्या बाजूने चालत होता, हातात एक दगड, गरज पडली तर चाकाखाली घालायला. गरज पडली नाही. शिंपीणबाईच्या वळणावर ताईने वेग कमी केला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि भिंतीपासून चार बोटं राखून तांबड्याला वळवलं. वडिलांना हे वळण घेताना तिने कितीदा पाहिलं होतं; स्वतः घेत होती ते पहिल्यांदा.

शिंपीणबाई शिलाईचं मशीन तसंच सोडून बाहेर आली. मागोमाग दारं उघडली, बादल्या, पिंपं, पातेली बाहेर आली. टाकीचा कॉक धाकट्याने उघडला.

"पाणी जरा गढूळ दिसतंय गं," शिंपीणबाई पहिलीच बादली भरता भरता म्हणाली.

"टाकी इतकी वर्षं कोरडी होती. आणखी दोन बादल्या जाऊ दे," ताई म्हणाली. "मग बोल."

दोन बादल्यांनंतर पाणी निवळलं. शिंपीणबाई बादली उचलून आत गेली आणि दुसरी घेऊन आली. टाकी रिकामी झाल्यावर धाकट्याने कॉक बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"सहाला," ताई म्हणाली. "आणि येताना तू चालव. वळण शिकून घे."